जाकमाँची वही, जाकमाँची पत्रे

१८३० च्या जानेवारीत यमुनेच्या पूर्व कालव्यात पाणी सोडण्यात आले. शहाजहानच्या काळात खणलेला हा कालवा कित्येक पिढ्या कोरडा पडून होता. १८२३ पासून रॉबर्ट स्मिथ नावाच्या लष्करी इंजिनियरने तो पुन्हा उकरायला घेतला होता. सहारनपूरच्या वरच्या अंगाला नदीतून निघालेले पाणी बागपत, लोणी असे दक्षिणेला येत दिल्लीसमोर पुन्हा यमुनेत पडू लागले. लोणी आज गाझियाबाद जिल्ह्यात आहे. यमुना आणि हिंडन या दोन नद्यांमधली ती सारी भूमी त्या वर्षापासून बदलायला लागली. विहीर आणि पाऊस यांच्या भरवशावर चालणारी शेती पाटाच्या पाण्यावर गेली, ओसाड बांगर, म्हणजे पुरापासून उंच असलेली जमीन, नांगराखाली आला आणि त्यावरची झुडपे तुटली.

पाणी सुटले त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. ५ मार्च १८३० रोजी दिल्लीत अठ्ठावीस वर्षांचा एक उंच, सडपातळ फ्रेंच तरुण येऊन पोचला. व्हिक्तोर जाकमाँ हे त्याचे नाव. बैलगाडीवर लादलेल्या त्याच्या सामानात वनस्पती दाबून वाळवायच्या कागदांचे गठ्ठे होते, बॅरोमीटर होता, दगड फोडायच्या हातोड्या होत्या आणि कोऱ्या वह्या होत्या. पुढे दोन वर्षे दिल्ली हाच त्याचा तळ राहिला. तिथून तो हिमालयात गेला, लाहोरला गेला, काश्मीरला गेला आणि दर वेळी परतला. शेवटी दक्षिणेची वाट धरून तो आपल्या मुलखात आला आणि मुंबईत मेला. आशियात वनस्पती शोधत हिंडलेल्या युरोपियनांची रोजनिशी आणि पत्रे यांचा विचार करताना मला आधी हाच आठवतो. त्याच्या वहीतला माणूस आणि पत्रांतला माणूस यांत फार अंतर आहे, आणि त्या दोघांना शेजारी बसवल्याशिवाय १८३० चे हिंदुस्थान नीट दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्याचा जन्म पॅरिसचा, ८ ऑगस्ट १८०१ चा. वडील व्हेन्सेस्लास हे तत्त्वज्ञानात रमणारे गृहस्थ. स्तांदाल आणि प्रोस्पेर मेरिमे हे लेखक त्याचे जवळचे मित्र. वैद्यकाचे शिक्षण सुरू असतानाच तो वनस्पती आणि खडक यांच्या नादी लागला. एका इटालियन गायिकेवरच्या प्रेमात मन मोडले, तेव्हा घरच्यांनी त्याला १८२६ मध्ये अमेरिकेला आणि हैतीला धाडले. तो हैतीत असतानाच पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने त्याच्यापुढे हिंदुस्थानच्या सफरीचा प्रस्ताव ठेवला. वनस्पती, प्राणी, खडक असे जे जे मिळेल ते गोळा करायचे आणि पॅरिसला पाठवायचे. पगार वर्षाला ६००० फ्रँक. ऑगस्ट १८२८ मध्ये ब्रेस्ट बंदरातून निघालेला जाकमाँ रिओ, केप, बुर्बाँ बेट आणि पाँडिचेरी असे करत ५ मे १८२९ ला कलकत्त्याला उतरला, तेव्हा पहिली गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती ही, की कंपनीच्या मुलखात एवढ्या पैशांत इभ्रतीने राहता येत नाही.

ही तंगी त्याने उघडपणे पत्रांत लिहिली आहे. कंपनीचा साधा कॅप्टनसुद्धा नोकरांचा तांडा, मोठे तंबू आणि दारूच्या पेट्या घेऊन प्रवास करी. जाकमाँ लहानशा तंबूत राहिला, घोड्यावर बसून सामानाच्या गाडीबरोबर चालला आणि दूध, भात, पाणी यांवर भागवत राहिला. दारू न पिण्याचा त्याला अभिमान होता. या हवेत त्यानेच आपण टिकलो, असे तो घरी पुन्हा पुन्हा कळवी. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल बेंटिंक आणि त्यांच्या पत्नीने त्याला घरच्यासारखे वागवले. तिथल्या वनस्पती उद्यानात त्याने झाडांचा अभ्यास केला, हिंदुस्थानी भाषेचे धडे घेतले आणि २० नोव्हेंबर १८२९ ला तो उत्तरेकडे निघाला.

दिल्लीतले त्याचे पहिले मोठे पत्र पातशहाच्या भेटीचे आहे. अकबरशहा दुसरा तेव्हा लाल किल्ल्यात कंपनीच्या तनख्यावर बसला होता. दरबारात जाकमाँला खिलतीचा झगा चढवण्यात आला. त्याच्या राखाडी टोपीला वजिराने फेट्याचे रूप दिले आणि पातशहाने स्वतःच्या हाताने तिला दोन दागिने लावले. मग प्रश्न सुरू झाले. फ्रान्समध्ये राजा असतो का? तिथे इंग्रजी बोलतात का? पातशहाने त्याआधी एकच फ्रेंच माणूस पाहिला होता, जनरल पेराँ. पेराँ म्हणजे दौलतराव शिंद्यांचा सेनापती. अलीगडला बसून तो शिंद्यांच्या वतीने गंगा-यमुनेमधला हाच दुआब सांभाळत होता, आणि दिल्लीचा पातशहा मराठ्यांच्या पहाऱ्यात होता. इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला तो ११ सप्टेंबर १८०३ ला, यमुनेच्या पूर्व काठी, पटपडगंजला. आजच्या गाझियाबादची वेस तिथून हाकेच्या अंतरावर आहे. जाकमाँ आला तेव्हा या लढाईला सव्वीस वर्षे झाली होती, म्हणजे ती पाहिलेली माणसे अजून हयात होती. विलायतेतल्या बहुतेक वाचकांनी हा प्रसंग मौज म्हणून वाचला असेल. मराठी वाचकाला त्यातले पेराँचे नाव थांबवते.

पत्रांतला जाकमाँ असाच आहे: चटकदार, मिश्किल, माणसांवर पटकन मत बनवणारा. दिल्लीचा कमिशनर विल्यम फ्रेझर याच्याशी त्याची दाट मैत्री जमली. देशी चालीरीती अंगी मुरलेल्या त्या स्कॉट माणसाचे चित्र त्याने अशा हाताने काढले आहे की १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाल्यावर त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांना हीच पत्रे धुंडाळावी लागली. दोघे मिळून हरयाणाच्या काटेरी रानात सिंहाच्या शिकारीला गेले. त्या काळी दिल्लीच्या पश्चिमेला सिंहांचा वावर होता.

पण पत्र हे ऐकीव गोष्टींचेही घर असते. १८३० च्या डिसेंबरात तो मीरतजवळ सरधान्याला बेगम समरूच्या दर्शनाला गेला. ऐंशीच्या घरातल्या त्या संस्थानिक बाईविषयी त्याने जे लिहिले त्यातला मोठा भाग छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर सांगितलेला होता. तिने एका बटकीला जिवंत पुरले ही कथाही त्याने तशीच उतरवली. एका कलावंतिणीपासून वर चढून रोहिले, मराठे, इंग्रज या सगळ्यांच्या धामधुमीत पन्नासहून अधिक वर्षे आपली जहागीर राखणाऱ्या बाईचे राजकारण त्याच्या पत्रात उतरले नाही. ती पत्रे वाचताना मला तो इथे हलका वाटतो, आणि हे सांगितलेच पाहिजे. बापाला, भावाला, मित्रांना हसवण्यासाठी लिहिणारा माणूस साक्षीदार म्हणून कमी पडतो. शिवाय त्याच्या पत्राला उत्तर यायचे ते केपला वळसा घालून, वर्ष उलटल्यावर. इतक्या लांबच्या ओसरीवर बसलेल्यांसाठी लिहिताना रंग थोडा अधिक भरला जातो.

वहीत हा माणूस वेगळा होतो. तिथे वाटेतला खडक कुठे बदलला ते असते, मातीचा रंग असतो, विहिरीचे पाणी किती खोल ते असते, पिके, भाव, रस्ता, सारा वसुलीची रीत असते. बॅरोमीटरचे आकडे असतात. कोणते झाड कुठे संपले आणि कोणते कुठे सुरू झाले ते असते. दिवसभर चालायचे, गोळा केलेले संध्याकाळी कागदात घालायचे आणि मग दिव्यापाशी बसून लिहायचे, असा त्याचा क्रम होता.

या कामाची मेहनत पत्रांतून फारशी कळत नाही. ताजी फांदी शाई टिपणाऱ्या जाड कागदाच्या घडीत पसरून ठेवायची, वर वजन द्यायचे, आणि ओल शोषून घेतलेले कागद बदलत राहायचे. दोन-तीन दिवस कागद बदलायचे राहिले तर पाने काळी पडतात, बुरशी धरते. पावसाळ्यात ते कागद विस्तवावर वाळवावे लागतात. वाळलेल्या नमुन्यावर वाळवी आणि कीड टपलेली असतेच. मग चिठ्ठी लिहायची: जागा, तारीख, जमीन कशी, उंची किती, फुलाचा रंग कोणता, कारण वाळल्यावर रंग उडतो. चिठ्ठी हरवली तर फांदी निकामी. हे सगळे एकट्याच्या हातून होत नाही. कागद वाळवणारे, ओझी वाहणारे, झाडाचे गावठी नाव सांगणारे, रानवाट दाखवणारे कितीतरी हात त्यात असतात, आणि त्यांची नावे कोणत्याही चिठ्ठीवर येत नाहीत. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत १८४७ ते १८५० या काळात अलेक्झांडर गिब्सनने वनस्पतींची दीडशेहून अधिक सुंदर चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत, आणि तिथेही देशी चित्रकाराचे नाव नाही. या सबंध विद्येवरचे हे ऋण अजून फिटलेले नाही.

सरधाना, मीरत करून जाकमाँ त्याच डिसेंबरात दिल्लीला परतला. मीरत–दिल्ली वाट गाझीउद्दीननगरावरून, म्हणजे आजच्या गाझियाबादवरून, हिंडनचे पात्र ओलांडून जात असे. १७४० मध्ये वजीर गाझीउद्दीनने वसवलेली ती तटबंदीची सराय होती. पूर्वेला गंगेचा मोठा कालवा अजून तेवीस वर्षे दूर होता. मुरादनगरवरून वाहणारे त्याचे पाणी ८ एप्रिल १८५४ ला सुटले. म्हणजे हिंडनच्या एका अंगाला पाटाचे पाणी नुकते आलेले आणि दुसऱ्या अंगाला अजून न आलेले, अशा नेमक्या वेळी हा माणूस वही आणि कागदाचे गठ्ठे घेऊन या टापूतून गेला.

आज हिंडनच्या खादरात, म्हणजे पुराच्या सखल जमिनीत, उतरून बघावे. पाण्यावर जलपर्णी पसरलेली असते. ती दक्षिण अमेरिकेची, आणि हिंदुस्थानात आली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. काठावर विलायती कीकरची काटेरी गर्दी असते, मेक्सिकोकडची. दिल्लीच्या टेकड्यांवर ती विसाव्या शतकात इंग्रज सरकारने लावली. राजनगर एक्स्टेन्शनच्या इमारतींमागच्या मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, साहिबाबादच्या कारखान्यांच्या भिंतींशी गाजरगवत माजलेले दिसते. ते तर पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नजरेत भरले आणि तिथून देशभर गेले. या तिन्हींपैकी एकही जाकमाँच्या कागदात सापडणे शक्य नाही. त्याच्या काळचा खादर झाऊ, कास आणि गवते यांचा होता, बांगर ढाकाच्या म्हणजे आपल्या पळसाच्या रानांचा आणि शमीचा. आज गाझियाबादमध्ये हिरवे दिसणारे किती जुने आणि किती उपरे, हे ठरवायला बातम्या आणि आठवणी कामाला येत नाहीत. जागा आणि तारीख लिहिलेली वाळकी फांदी लागते. पुढे सहारनपूरच्या उद्यानाचा प्रमुख असलेल्या डथीने १९०३ पासून या गंगा-यमुनेच्या सपाटीची वनस्पतिसूची प्रसिद्ध करायला घेतली, १९६३ मध्ये जे. के. माहेश्वरी यांनी दिल्लीची केली. कोणत्याही अशा सूचीला मागे जाता येते ते फांदी आणि चिठ्ठी जिथवर नेतात तिथवरच.

सहारनपूरचे नाव निघाले म्हणून तिथे थोडे थांबतो. हिंडन याच जिल्ह्यातून शिवालिकच्या पायथ्याशी उगम पावते. तिथली फरहतबक्ष ही रोहिल्यांची बाग. तिच्या खर्चासाठी झाबिताखानाने सात गावांचे उत्पन्न लावून दिले होते. त्यांच्यानंतर हा मुलूख मराठ्यांकडे आला, तेव्हाही बागेची निगा राखली गेली. १८१७ मध्ये कंपनीने ती घेऊन वनस्पती उद्यान केले. जाकमाँच्या वेळी जॉन फोर्ब्स रॉइल तिथे प्रमुख होता, तोही हिमालयाच्या वनस्पतींवरच काम करत होता. उत्तर हिंदुस्थानातल्या वनस्पती संशोधकांची ही धर्मशाळाच होती, आणि पर्वतात शिरण्यापूर्वी जाकमाँही तिथे उतरला.

हिमालयातल्या आणि पंजाबातल्या कथा फार सांगितल्या गेल्या आहेत, मी त्या थोडक्यात आवरतो. १८३० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो यमुनेच्या उगमाकडे, सिमला, किन्नौर, स्पिती करत तिबेटच्या हद्दीपर्यंत गेला. मार्च १८३१ मध्ये लाहोरला रणजितसिंहाने त्याला प्रश्नांनी भंडावून सोडले: इंग्रज, नेपोलियन, स्वर्ग, नरक, आत्मा, सैतान. रणजितसिंहाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी आलार याच्यामुळे काश्मीरचे दार उघडले. वाटेत एका किल्लेदाराने त्याला अडकवून पैसे उकळले. मे ते सप्टेंबर १८३१ तो काश्मीरमध्ये होता. पांढऱ्याशुभ्र सालीचा जो हिमालयी भूर्ज युरोपच्या बागांत आज हौसेने लावतात, त्याला त्याचे नाव आहे. काश्मीरकडचे एक हेझेल, सापाच्या फण्यासारखे फूल असलेली एक सुरणाची भाऊबंद वनस्पती, राजस्थान-गुजरातच्या वाळूतली एक बाभूळ, निळ्या फुलांच्या वेलींचा एक आख्खा वंश आणि उंच पर्वतातले एक फुलपाखरू, एवढ्यांवर त्याचे नाव कोरले गेले. त्यातले एकही नाव त्याला पाहायला मिळाले नाही. सगळी नावे तो गेल्यावर पडली.

फेब्रुवारी १८३२ मध्ये त्याने दिल्ली कायमची सोडली. राजपुताना आणि माळवा ओलांडून भर उन्हाळ्यात तो खाली उतरला, वेरूळची लेणी त्याने पाहिली आणि जूनच्या सुमारास तो पुण्यात पोचला. पेशवाई बुडून चौदा वर्षे झाली होती. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर लॉर्ड क्लेअर होता. दख्खनच्या काळ्या खडकाचे एकावर एक थर त्याला भूगर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटले. पण पुण्याच्या पावसाळ्यात त्याला आमांशाने गाठले. तीन वर्षे दूध-भातावर धड राहिलेले शरीर इथे ढासळू लागले.

बरे वाटताच तो कोकणात उतरला आणि साष्टीच्या रानात वनस्पती गोळा करू लागला. पावसाळा सरतानाचे दिवस, दमट रान, वर उन्हाचा ताव. आजचे बोरिवली-ठाणे त्या रानाच्या जागी आहे. दुखण्याचे मूळ त्याने स्वतः शेवटच्या पत्रात या साष्टीच्या रानालाच लावले. ठाण्यात तो तापाने पडला. २९ ऑक्टोबरला त्याला मुंबईत आणले. जेम्स निकोल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने, ओळखदेख नसताना, स्वतःच्या घरी ठेवून त्याची शुश्रूषा केली, डॉ. मॅकलेनन उपचार करत होते. यकृतात गळू झाले होते.

१ डिसेंबर १८३२ ला त्याने पोर्फीरला, आपल्या भावाला, शेवटचे पत्र लिहिले. उठून बसता येत नव्हते, पाठीवर पडल्या पडल्या ते लिहिले गेले. मरण जवळ आले आहे हे त्याने सरळ सांगितले, ते शांत असल्याचे सांगितले, अनोळखी मुलखात मिळालेल्या मायेबद्दल लिहिले आणि बापाची काळजी घ्यायला सांगितले. तोवरच्या सगळ्या पत्रांतली चमक इथे गळून पडली आहे. माझ्या मते त्याने लिहिलेले सर्वात खरे पत्र हेच. ७ डिसेंबरला तो गेला, वय ३१. थडग्यावर काय लिहायचे तेही त्याने सांगून ठेवले होते: नाव, पॅरिसचा जन्म, मुंबईतला मृत्यू, आणि मधे हिंदुस्थानातली साडेतीन वर्षांची भटकंती. सोनापूरच्या दफनभूमीत त्याला पुरले. निकोलने सगळी हकीकत पोर्फीरला कळवली आणि पेट्या पॅरिसला रवाना केल्या.

या धंद्यात अशा मरणांची वाण नव्हती. आसाम, ब्रह्मदेश, अफगाणिस्तान तुडवलेला विल्यम ग्रिफिथ १८४५ मध्ये मलाक्क्याला चौतिसाव्या वर्षी मेला आणि त्याचेही कागद मित्राने मागाहून छापले. १८४९ मध्ये सिक्कीममध्ये कैदेत पडलेला जोसेफ हूकर मात्र वाचला, म्हणून त्याला आपल्या रोजनिशीवरून १८५४ मध्ये हिमालयावरचा ग्रंथ स्वतःच्या हाताने, सावकाश, वगळत-जोडत रचता आला. जाकमाँला ही सवड मिळाली नाही. त्याच्या वहीत जे आहे ते त्या त्या रात्रीचे आहे, आणि म्हणूनच मला ते हूकरपेक्षा जवळचे वाटते.

पत्रे १८३३ मध्येच दोन खंडांत निघाली, पुढच्याच वर्षी लंडनला इंग्रजीत आली आणि घराघरांत वाचली गेली. मेरिमेने कितीतरी वर्षांनी, १८६७ मध्ये, उरलेल्या पत्रांना प्रस्तावना लिहिली. वहीला वेळ लागला. फ्रेंच सरकारच्या आश्रयाने ती १८३५ ते १८४४ या काळात सहा थोराड खंडांत निघाली. चार मजकुराचे, दोन चित्रांचे. नव्या वनस्पतींची वर्णने कांबेसेद आणि दकेन यांनी लिहिली. एवढी वर्षे खर्चून निघालेले ते खंड मोजक्या ग्रंथालयांत गेले आणि तिथेच राहिले. जाकमाँ म्हणजे पत्रांचा लेखक, अशीच त्याची ओळख रुजली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मागे पडला.

१८८१ मध्ये त्याचे अवशेष मुंबईहून फ्रान्सला नेण्यात आले. ज्या संग्रहालयाने त्याला धाडले होते त्याच्याच आवारात, झाडाप्राण्यांच्या संग्रहांच्या सोबतीला, ते ठेवले आहेत. त्या संग्रहालयाने आपल्या हर्बेरियममधले लाखो नमुने आता चित्रित करून सर्वांसाठी खुले केले आहेत. गाझियाबाद, मीरत किंवा पुण्यातला कोणताही विद्यार्थी घरबसल्या ती पाने उघडू शकतो आणि चिठ्ठीवरची जागा, तारीख स्वतः वाचू शकतो. त्याने ती वाचावी, त्याच आठवड्यातला वहीचा मजकूर काढावा, आणि मग त्याच आठवड्यात पॅरिसला गेलेले पत्र शोधून शेजारी ठेवावे. सुरुवात मार्च १८३० च्या दिल्लीपासून करावी. दरबारातला दागिना लावलेला फेटा एका हाताशी आणि दुआबची माती दुसऱ्या हाताशी.